मोरी बघायला आलेले पाहुणे

लोकांकडे मुलगी बघायला पाहुणे येतात, म्हैस बघायला येतात. आमच्याकडे पुण्याहून एक पाहुणे मोरी बघायला आले होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती, मी पुण्यात एम.एस्सी. करत होते आणि पाहुणे म्हणजे माझे सर. गाव त्यावर बरेच दिवस हसलं. मला मात्र तो रविवार आठवला की अजून कानकोंडं व्हायला होतं.

आमचं घर मुळशीत, पौडच्या पुढे, भातखाचरांच्या कडेला. मोरीचं पाणी परसातल्या शोषखड्ड्यात जाई. खड्ड्यात विटांचे तुकडे, कोळसा, वाळू, आणि कडेने आईचं अळू. त्या अळूच्या वड्यांची चव मला पुन्हा कुठे मिळाली नाही. सत्तरच्या दशकात, मी शाळेत असताना, थोरला भाऊ पिंपरीच्या एका कारखान्यात लागला आणि घरात पहिल्यांदा धुण्याची पावडर आली. कपडे लखलखीत झाले, खड्डा मात्र फेसाने भरून वर आला. अळूची पानं पिवळी पडली. वारा सुटला की फेसाचे गोळे शेजारच्या काकींच्या अंगणात जायचे आणि काकी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलायच्या.

भावाचे तेलकट कपडे साध्या साबणाला दाद देत नव्हते, त्यामुळे पावडर बंद करणं शक्य नव्हतं. आई ओढ्यावर गेली आणि धुण्याच्या दगडाखालची काळी माती घमेल्यात भरून घेऊन आली. हे कशाला, मी विचारलं.

"वर्सानुवर्सं साबनाचं पानी प्याली हाय ती माती," आई म्हणाली. "तिला सवय हाय. आपल्या खड्ड्यातली नवखी. दुधाला इरजण लावतो न्हवं, तसं."

माती खड्ड्यात गेली, वर तांब्याभर शेणकाला. तो शेणकाला पुढे दर आठवड्याला ठरलेला. दोनेक महिन्यांत फेस बसायला लागला आणि अळूला नवं पान आलं. मग आळीतल्या बायका घमेली घेऊन आमच्या खड्ड्यातलं विरजण न्यायला यायला लागल्या. सगळ्यात आधी आल्या काकी, आणि त्या दिवशी त्या फार कमी बोलल्या.

पुढे कॉलेजात सरांनी शिकवलं की काही जिवाणू पावडरीतलं रसायन खाऊन टाकतात, फक्त त्यांना आधी त्याची सवय व्हावी लागते. मला भर वर्गात हसू फुटलं. मी खड्ड्यातली माती बाटलीतून नेली, प्रयोगशाळेतल्या काचेच्या चंबूत तिला पावडरीशिवाय काही खायला दिलं नाही. काही दिवसांनी चंबू हलवला तर फेस जवळजवळ येईना. सर खूश झाले, तोच माझ्या प्रबंधाचा विषय ठरला. पण सुट्टीत सगळ्या चंबूंना बुरशी लागली. सर म्हणाले, "मी स्वतः येतो, खड्डा बघतो, नवा नमुना घेऊ. नाहीच जमलं तर विषय बदलावा लागेल." विषय बदलणं म्हणजे वर्ष जाणं. घरात माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती, आणखी एक वर्ष मला कुणी देणार नव्हतं.

रविवारी सर खड्डा बघायला येताहेत, असं मी घरी पत्र टाकलं आणि मी स्वतः आदल्या दिवशी, शनिवारी, दुपारच्या एसटीने घरी आले. फाटकातच फिनेलचा वास नाकात शिरला. खड्ड्याच्या दगडांना चुना फासलेला, कडेने रांगोळी. आई हातात खराटा घेऊन उभी होती, घामाने निथळत, तोंडभर हसत.

"आख्खी बाटली वतली," ती म्हणाली. "वरनं उकळतं पानी. बग, कसला निर्मळ झालाय."

माझा तोल गेला. "कुणी सांगितलं होतं तुला फिनेल ओतायला? सगळे जिवाणू मेले. माझं वर्ष गेलं. अडाणी ती अडाणीच राहिलीस."

आई म्हणाली, "तूच सांगितलं व्हतंस. मागं तुज्या मैतरनी आल्या तवा. मोरीला वास येतो, लाज वाटती, म्हनलीस. ती बाटली बी तूच आनल्याली. मी जपून ठिवली व्हती, पाव्हन्यासाठी."

ते खरं होतं. आईने खराटा भिंतीला टेकवला, घमेलं उचललं आणि काकींच्या परसात गेली. परत आली तेव्हा घमेल्यात काळी माती होती. मागोमाग काकी. "तुमचंच हाय, न्या की," त्या म्हणत होत्या. "इचारायचं काय त्यात?"

दुसऱ्या दिवशी सर आले, चुना फासलेला खड्डा बघून थबकले. मी तोंड उघडण्याआधी आई पुढे झाली. "चूक माजी झाली, साहेब. पोरीनं बजावलं व्हतं, मीच इसरले." मी तिला काहीही बजावलं नव्हतं. साधं पत्रातही लिहिलं नव्हतं. मी गप्प उभी राहिले.

काकींच्या खड्ड्यातल्या मातीने काम केलं. माझं वर्ष वाचलं, पदवी मिळाली, पुढे नोकरीही. आता आई नाही. परसात फरशा बसवल्या आहेत आणि अळू बाजारातून येतं. माझ्या प्रबंधात सरांचे आभार आहेत, ग्रंथालयाचे आहेत, चंबू धुणाऱ्या शिपायाचेही आहेत. नमुना कुठून घेतला त्या जागी मी लिहिलंय, 'मुळशी तालुक्यातील एक शोषखड्डा'. तो प्रबंध मधूनमधून काढते आणि तेवढी एक ओळ वाचून मिटून ठेवते. विरजण आईचं होतं. हे तिच्या देखत एकदा तरी सरांना सांगायला हवं होतं.