गाडी ऑइल खाते म्हणे

कडा गावच्या मिस्त्रीनं काकांना सांगितलं की तुमची गाडी ऑइल खाते, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

गाडी म्हणजे काकांची मोटारसायकल. तिला दोन्ही बाजूंनी लोखंडी अँगलचा सांगाडा वेल्डिंग करून घेतला आहे आणि त्यात दुधाचे दोन कॅन बसतात. सांगाड्याला आडवा येतो म्हणून डबल स्टँड कापून टाकला. आमच्याकडच्या बहुतेक दुधाच्या गाड्या अशाच असतात. एका साइड स्टँडवर, डाव्या अंगाला कलून उभ्या.

त्या हिवाळ्यात निम्मी वस्ती ऊसतोडीला गेली होती आणि जाताना आपापल्या गाड्याही घेऊन गेली होती. मागे राहिलेल्या घरांचं आणि आमच्या आईच्या गाईंचं दूध रोज सकाळी एवढ्या एका गाडीवरून कड्याच्या संकलन केंद्रावर जायचं. आमचं घर त्या दुधावर चालतं. केंद्राला लागूनच मिस्त्रीचं दुकान. दूध घालायच्या रांगेत गाडी उभी करून काका चहाला जायचे, आणि मिस्त्री तेवढ्यात ऑइल बघून ठेवायचा. दर दोन-तीन दिवसांनी तो म्हणायचा, कमी झालंय, आणि ओतायचा. ओतूनही गाडी तापायची. काकांच्या पोटरीला चटके बसायला लागले, मागून निळसर धूर निघू लागला. शेवटी मिस्त्री म्हणाला, इंजिन खोलावं लागतंय, आष्टीचा बाजार झाला की गाडी ठेवून जा, नीट व्हायला आठवडा धरा.

काका घरी येऊन हे सगळं असं सांगत होते, जणू डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलंय आणि आता बोलण्यासारखं काही उरलं नाही.

आई गोठ्यातूनच म्हणाली, "आठवडाभर दूध काय डोक्यावर न्यायचं का भाऊजी?"

माझ्याकडे वेगळाच प्रश्न होता.

मी शाळेत जायच्या आधी पत्रकांवर वाचायला शिकले. वडील ऊसतोड मजुरांच्या सभांना जायचे आणि उरलेली पत्रकं घरी आणायचे. आमच्या वह्यांना त्यांचीच कव्हरं, फळीवर त्यांचाच कागद. गुलाबी, पिवळी, हिरवी. प्रत्येकात शेवटी ठळक अक्षरांत विचारलेलं असायचं: यात फायदा कोणाचा? ते वाक्य माझ्या अंगात इतकं भिनलंय की कुणी पाव्हणा उगीच गोड बोलला तरी मी मनात तेच विचारते. तर गाडी ऑइल खाते, यात फायदा कोणाचा? ऑइल मिस्त्रीचं, इंजिन खोलणार मिस्त्री, आणि ऑइल कमी झालं हे सांगणाराही मिस्त्रीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका गाडीवर बसले. कॅन चढवताना त्यांना गाडी दोन्ही पायांनी सरळ तोलून धरावी लागते, नाहीतर एक कॅन आधी अडकवला की गाडी त्या बाजूला कोसळते. आई कॅन अडकवत होती. मी खाली वाकून इंजिनच्या उजव्या बाजूचं टोपण फिरवून काढलं. त्याला एक काडी असते आणि काडीवर दोन खुणा. ऑइल दोन्हींच्या मधे हवं. मी काडी ओढणीच्या टोकानं पुसली, परत आत टेकवली, बाहेर काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं.

मी टोपण गुपचूप परत बसवलं. ज्याच्यावर संशय आहे त्याला आधी सावध करू नये, एवढं मला कळत होतं. आणि खरं सांगायचं तर काकांवरही माझा पूर्ण विश्वास नव्हता. मिस्त्रीच्या दुकानात त्यांचा चहा फुकट असायचा.

माझा हिशेब सरळ होता. घरी ऑइल जास्त, कड्यात कमी. म्हणजे मधे कुणीतरी ते काढतंय. वाटेत गाडी कुठं थांबत नाही. थांबते ती फक्त रांगेत, मिस्त्रीच्या दारात. खालचा बोल्ट सैल करायचा, ऑइल काढायचं आणि तेच परत आपल्याला विकायचं. मला ते डोळ्यांसमोर दिसायला लागलं होतं.

पुढच्या सकाळी मी एका जुन्या गुलाबी पत्रकाच्या पट्ट्या कापल्या. कणकेची खळ केली आणि एक पट्टी टोपणावर, एक खालच्या बोल्टवर चिकटवली. काकांनी विचारलं, हे काय. मी म्हटलं, पूजा केलीय गाडीची. त्यांनी हात जोडले आणि किक मारली.

मी मागच्या जीपनं कड्याला गेले आणि दुकानासमोरच्या हॉटेलात चहा घेऊन बसले. काका मिस्त्रीच्या दुकानात बाकड्यावर होते, त्यांची माझ्याकडे पाठ. गाडी रांगेत, भरल्या कॅनांसकट, साइड स्टँडवर. मिस्त्री आधी दुसऱ्या एका गाडीकडे गेला. तिचा मालक शेजारीच उभा होता. मिस्त्रीनं त्याला गाडी सरळ धरायला लावली आणि मग काडी बघितली. नंतर तो आमच्या गाडीपाशी आला. टोपणावरची पट्टी जागच्या जागी होती. ती त्यानं नखानं खरवडून टाकली, काडी पुसली, बुडवली, वर धरली आणि ऑइलचा डबा घ्यायला वळला.

मी रस्ता ओलांडून आधी गाडीखाली वाकले. बोल्टवरची पट्टी करपली होती, पण अख्खी होती. ऑइल कुणी काढलं नव्हतं. तरी मिस्त्रीच्या हातातली काडी खालच्या खुणेपर्यंतच ओली होती. मग मघाची ती सरळ धरलेली गाडी डोळ्यांसमोर आली.

"ओतू नका," मी म्हटलं. "काका, बाहेर या. गाडीवर बसा आणि सकाळी धरता तशी सरळ धरा."

काका आले, बसले, गाडी उभी तोलली. जरा वेळ थांबून मी स्वतः काडी पुसून बुडवली. ऑइल वरच्या खुणेच्या पार वर. गाडी डावीकडे कलली की ऑइल तिकडे जातं आणि उजवीकडची काडी कमीच भिजते, एवढंच होतं. रोज कलत्या गाडीत बघायचं आणि रोज ओतायचं. नको इतक्या ऑइलमुळेच ती तापत होती आणि धूर ओकत होती.

"त्यांची गाडी धरायला लावली," मी मिस्त्रीला म्हटलं, "आमची का नाही?"

तो शांतपणे हात पुसत राहिला. "ताई, त्यो मालक उभा हाय म्हणून धरली. तुमचे काका आले की गेले च्याला. दोन भरल्या कॅनची गाडी एकट्यानं कशी धरू मी?"

"मग सांगायचं न्हाई का बे?" काका गाडीवरूनच म्हणाले.

"तुमी कवा इचारलं? तुमीच म्हणायचे, बघ अन् टाक."

"आणि इंजिन खोलायचं?" मी विचारलं.

"तापती म्हणल्यावर खोलूनच बघावं लागतंय की."

प्रत्येक उत्तर चपखल बसत होतं. तेच मला खटकत होतं.

कॅन रिकामे झाल्यावर मी त्याला जास्तीचं ऑइल काढायला लावलं. काळं, फेसाळलेलं ऑइल कापलेल्या डब्यात पडत राहिलं. काका गाडी धरून होते आणि मी दर थोड्या वेळानं काडी बघत होते. ऑइल खुणांच्या मधे आलं तसा बोल्ट आवळला. मिस्त्रीनं डबा पायानंच टेबलाखाली सरकवला. मी तो बाहेर ओढला.

"जळकं ऑइल हाय त्ये. काय करता?"

"आमचं आहे," मी म्हटलं.

बाजार होऊन गेला. गाडी मिस्त्रीकडे गेली नाही. धूर आठवडाभरात विरला, आणि इंजिनवर पाणी शिंपडलं तर पूर्वीसारखं चर्रकन उडत नाही. दूध एकही दिवस चुकलं नाही. ते ऑइल आईनं वाळवी लागू नये म्हणून गोठ्याच्या लाकडी मेढींना फासलं. फासता फासता तिनं विचारलं, त्याला ठाऊक होतं का गं? मी म्हटलं, माहीत नाही. तिनं हातातलं फडकं डब्यात बुडवलं आणि म्हणाली, तुला माहीत नाही असं पहिल्यांदा ऐकलं.

आता रोज सकाळी काका गाडी सरळ धरतात आणि मी काडी बघून सांगते. मी उठून बाजूला झाले की ते आईला गाडी धरायला लावतात, स्वतः खाली वाकतात आणि काडी पुसून परत एकदा बघतात. मी त्यांच्या जागी असते तर मीही बघितलं असतं.