काशीकाकूचा एकच नकार

मांडवीच्या आमच्या आळीत काशीकाकूकडे कुणी काही मागायला आलं, की ती आधी "ने" म्हणायची आणि मग विचारायची, "काय हवंय गो?" हंडे, परात, सोऱ्या, पाट यांतलं काहीच फारसं तिच्या घरात नसे. एका लग्नात तर भात पसरायला तिच्या न्हाणीचं दार काढून नेलं होतं. लग्न उरकेपर्यंत ती लुगडं आडवं बांधून आंघोळ करत होती. माझी आई रागावली तेव्हा काकू म्हणाली, "दाराचं काय एवढं, वहिनी? समोर समुद्रच तर हाय. त्याने काय बघितलं नाय?"

मुलांनो, तुम्ही तिला पाहिलेलं नाही, म्हणून क्रमाने सांगते. ती आमची शेजारीण; नात्याची नव्हे, पण आम्हां मुलांची काकू. तिचा नवरा फत्तेमारीवर, म्हणजे शिडाच्या मालवाहू गलबतावर, तांडेल होता. मी पाळण्यात असताना तो मलबारकडे गेला आणि गलबतासकट नाहीसा झाला. फळीसुद्धा कुठे किनाऱ्याला लागली नाही. काकू कुंकू लावत राहिली. "फळी लागली असती तर रडले असते," ती म्हणायची, "उगाच कशी रडू? अपशकुन व्हायचा." दर नारळी पौर्णिमेला ती नवऱ्याने आणलेली मोत्यांची नथ घालून समुद्राला नारळ वाहायला जायची. एरवी नथ डबीत.

मी इंग्रजी शाळेत जाऊ लागले होते तेव्हाची, एकोणीसशे तिसाच्या आसपासची गोष्ट. काकूच्या पडवीत मी धडा पाठ करत होते. तिची थोरली जाऊ आली. जाऊबाईंच्या लेकीचं, चंद्रीचं, लग्न मुंबईच्या मुलाशी ठरलं होतं.

"काशे, तुझी नथ दे चंद्रीला. लग्नात घालील, मुंबईला नेईल. तिकडच्या माणसांत बरं दिसेल. शिमग्याला येईल तेव्हा आणील परत."

काकू "ने" म्हणाली नाही. मी पुस्तकातून मान वर केली.

"हंडे न्या, परात न्या," ती म्हणाली. "मी येते भाकऱ्या थापायला. नथ नाय, जाऊबाय."

"नुसती पडून तर असते. कुणाला दाखवायची हाय तुला ती?"

"ज्यांनी आणली त्यांना."

 जाऊबाई पदर खोचून उठल्या. "बारा वर्षं भरत आली गो, काशे. तू मोजली नसशील. आम्ही मोजतोय."

हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी आमच्याकडे रीत होती. तोवर बायको सवाष्ण. एरवी दिरांनी हा विषय काढलाही नसता कदाचित. पण नथीवरून मनं दुखावली होती. लग्नाआधी हे उरकून घेऊ, असं ठरवून ते भटजींना घेऊन आले. काकूचं एकदा नाही म्हणून झालं होतं. दुसऱ्यांदा तिला ते जमलं नाही.

भटजी अंगणात पुतळा बांधू लागले. काकू आईच्या आधाराने उभी होती. एकदम पुढे होऊन म्हणाली, "भटजीबुवा, एवढे बुटके नव्हते हो ते."

भटजींनी आणखी दर्भ घेतला.

"आणि डावा खांदा जरा उतरता होता."

"असू दे, बाय," भटजी खाली बघूनच म्हणाले. दिरांनी पुतळा वाळूवर नेला.

सुतक फिटल्यावर काकू डबी घेऊन जावेच्या दारात गेली. मी सोबत होते. "न्या आता," ती म्हणाली. "मला कुणाला दाखवायची नाय."

जाऊबाई मागे सरकल्या. "आता नको गो. नवऱ्या मुलीच्या अंगावर ती चालायची नाय आता." त्या वाईट बाई नव्हत्या, बोलताना त्यांचेही डोळे भरले होते.

काकूने डबी कमरेला खोचली.  मग म्हणाली, "मग परात तरी न्या."

परात गेली, हंडे गेले. लग्नाला काकू गेली नाही.

पुढे ती फार जगली नाही. मी शिकायला मुंबईला होते. घरच्या पत्रातून कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. पण तिची आठवण आली, की मला पुतळा जाळला त्या वर्षीची नारळी पौर्णिमाच दिसते. आळीतल्या बायका नटूनथटून समुद्रावर निघाल्या होत्या. आई गेली नाही. मला घेऊन ती काकूपाशी जाऊन बसली. काकूने दाराला आतून कडी घातली होती. आमच्यासाठी काढली आणि पुन्हा घातली.

"भर दिवसा कडी कशाला गो?" आईने विचारलं.

"इतकी वर्षं वाटायचं, आज येतील, उद्या येतील," काकू म्हणाली. "आता भय वाटतं, वहिनी. खरंच आले तर? मी जाळून टाकलं त्यांना. सांगू काय?"