दोनदाच म्हणायचं

“‘या’ म्हटलं की माणूस थांबतो, ‘या ना’ म्हटलं की खिसा चाचपतो, आणि ‘यायलाच पाहिजे’ म्हटलं की पळतो,” असं तो एकदा म्हणाला होता.

फर्निचरच्या दुकानाच्या दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बोलवायचं, हेच त्याचं काम. सगळा बाजार त्याला ‘बसा’ म्हणायचा, कारण दिवसभर तोंडी तेच: “बसा साहेब, नुसतं बसून तर बघा. बसायला काय पैसे पडतात?” त्याला स्वतःला मात्र साधं स्टूलही नव्हतं. मालकाचा नियम एकच. दोनदा म्हणायचं, तिसऱ्यांदा नाही. तिसरा आग्रह म्हणजे माल पडून असल्याची दवंडी. हा नियम त्याच्या हाडीमाशी मुरला होता.

थोरला भाऊ आईला कायमची आपल्याकडे न्यायला आला, तेव्हा ती बॅग भरून खुर्चीवर बसली होती. चपला अजून घातल्या नव्हत्या. आईचं वळण जुनं. हवा असलेला चहासुद्धा ती दोन ‘नको’ झाल्यावरच घ्यायची. पहिला नको लाजेचा, दुसरा रीतीचा. खरं काय ते त्यानंतर.

“आई, राहा ना इथंच,” तो म्हणाला.

“नको बाबा. दोन खोल्यांत तुमची अडचण होते.”

“कसली अडचण? राहा.”

“नको रे,” ती म्हणाली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

तो एक पाऊल मागं सरला.

स्वयंपाकघराच्या दारातून बायको कुजबुजली, “अहो, म्हणा की अजून एकदा! वाट बघताहेत त्या.”

“दोनदा नाही म्हणाली ती. माणसाला ओढून बसवायचं नसतं.”

“गिऱ्हाईक आहेत का त्या?”

भाऊ हसला. “चल आई. याचं दुकान बंद झालं.”

आईनं सावकाश एक चप्पल पायात सरकवली. दुसरी बराच वेळ शोधत राहिली. ती पायाशीच होती.

तिसरं ‘राहा’ त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते ऐकायला कसं वाटतं, हे त्याच्याइतकं बाजारात कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानं वाकून, अदबीनं, तिची बॅग उचलली.

“बघ, बॅगही उचलली,” आई थोरल्याला म्हणाली. “घाईच होती म्हणायची.”

बॅग खांद्याला लावून तो दाराबाहेर पडला.