व्हर्लीन मॉस्बी आणि तिसरं सत्र

व्हर्लीन मॉस्बी गिलियम कॉलेजचा घरचा सामना कधी चुकवत नाही, हे हार्लो गावातलं शेंबडं पोरही सांगेल. आठवडाभर इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरी उपसायच्या आणि शनिवारी जांभळा कोट चढवून बाराव्या रांगेत आपल्या सोनेरी उशीवर जाऊन बसायचं. आमच्या काळ्या माणसांच्या पोरांना दुसरं कुठलं कॉलेज दारातसुद्धा उभं करत नव्हतं, तेव्हापासूनचं हे कॉलेज. व्हर्लीनचे वडील तिथल्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे. बँड ऐकायचा कसा हे त्यांनी लेकीला मांडीवर बसवून शिकवलं. खेळ बघायचा कसा, ते मात्र कुणीच शिकवलं नाही.

आणि खोटं कशाला बोला, हार्लोत खेळ बघतं कोण? मध्यंतराला बँड मैदानात उतरला की हूं की चूं होत नाही. तेव्हा जो खायला उठेल त्याचा आजूबाजूच्या बायका असा उद्धार करतात की बिचारा पुन्हा खाली बसतो. बँड परतला की मग सगळे बाहेर तंबूंकडे निघतात. तळलेला मासा खायचा आणि कुणाचा ट्रम्पेट चिरकला, कुणाचं पाऊल चुकलं यावर तावातावानं भांडायचं. मध्यंतरानंतरचं तिसरं सत्र असतंच त्यासाठी. सामना संपल्यावर दोन्ही बँड समोरासमोर उभे राहून एकमेकांची जिरवतात. खेळाची सत्रं चारच, म्हणून त्याला आम्ही पाचवं सत्र म्हणतो, आणि तेव्हा मात्र सगळे झाडून जागेवर.

अशा बाईच्या पोटी फुटबॉल, तोही चेंडू हातात घेऊन पळायचा आमचा अमेरिकी फुटबॉल, खेळणारा पोरगा जन्मावा, याला काय म्हणायचं? केंड्रेल चार वर्षं गिलियमच्या संघात होता. म्हणजे बाकावर होता. व्हर्लीन गावभर "माझा केंड्रेल" करत मिरवायची आणि तिसऱ्या सत्रात बेलाशक मासे खायला जायची. पोरगा मैदानात पाय ठेवत नव्हता, तोवर तिचं पितळ झाकलेलं होतं.

यंदाच्या शेवटच्या सामन्याला सकाळीच त्याचा फोन आला.

"आई, शेवटच्या वर्षाच्या पोरांना आज कोच उतरवणार आहेत. बहुतेक मध्यंतर झाल्यावर. तेवढं उठू नकोस."

"मी कुठं उठते रे?"

तो जरासा हसला. "बरं. फक्त आजच्या दिवस बस."

तिला ते लागलं. आज जागची हलले तर नाव व्हर्लीन नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

पण त्या दिवशी बँडनं कहर केला. ढोलवाल्या पोरांनी असा ठेका धरला की व्हर्लीनला वडिलांची आठवण येऊन डोळे भरून आले. बँड परतला तशी अख्खी रांग उठली. बाजूच्या बायका बोलत बोलत निघाल्या, त्यांच्या बोलण्यात हीही ओढली गेली, आणि पाच मिनिटांत परत येऊ म्हणत बाई चालायला लागली. सवय मोठी वाईट.

डॉट रकर तिची शाळेपासूनची मैत्रीण. स्टेडियमबाहेर तंबूत मोठी कढई मांडून मासे तळते. तिनं गरम तुकडा पावावर ठेवून हातात दिला.

"अगं, तू आज इकडं कशी? पोरगा उतरणार ना?"

"निघालेच. पण ते ढोल ऐकलेस का तू?"

मग काय, दोघी लागल्या बोलायला. मध्येच स्टेडियममधून मोठा गलका उठला. "काहीतरी झालं वाटतं," व्हर्लीन म्हणाली आणि मिरचीची बाटली उचलली. हे पुढं तिला जन्मभर आठवणार होतं.

गलक्यापाठोपाठ फाटकातून एक जण ओरडत बाहेर आला. केंड्रेलनं चेंडू काखेत मारून अर्धं मैदान पार केलं होतं आणि थेट शेवटच्या रेघेपलीकडं नेऊन ठेवला होता. व्हर्लीन धावली. पोचली तेव्हा पोरगा पुन्हा बाकावर बसला होता, डोक्यावर टॉवेल घेऊन.

सामना संपला, पाचवं सत्रही झालं. बँडचा एक सूर तिच्या कानात शिरला नाही. आजूबाजूला लोक पोराच्या धावण्याबद्दल बोलत होते, ते मात्र तिनं कान देऊन ऐकलं.

डॉटच्या तंबूपाशी केंड्रेल आंघोळ करून आला. लोकांनी त्याला गराडा घातला. तो सरळ आईकडं आला.

"पाहिलंस?"

"पाहिलं तर. डाव्या बाजूनं निघालास, तो आडदांड आडवा आला, त्याच्यावरून उडीच मारलीस. माझ्या अंगावर काटा आला बघ." हात हलवून, वाकून दाखवत तिनं सगळं सांगितलं. आपल्या तोंडातून हे कसं निघतंय याची तिलाच शिसारी आली, पण तोंड थांबेना. केंड्रेल मान खाली घालून ऐकत होता. डॉट कढईतून नजर वर काढेना.

"मिस व्हर्लीन, मी सगळं फोनवर घेतलंय," ल्यूशियस पोस्टमन म्हणाला. त्यानं फोन मध्ये धरला आणि सगळे वाकले.

फोनमध्ये केंड्रेल पळाला, आडदांडावरून उडी मारून गेला, चेंडू टाकला. नंतर मित्रांना चुकवून तो थेट कठड्यापाशी आला आणि हात उंच करून बाराव्या रांगेकडं बोट दाखवत उभा राहिला. ल्यूशियसनं फोन तिकडं वळवला होता. सोनेरी उशी होती. उशीवर कुणी नव्हतं.

व्हर्लीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगंबाई, मग तू होतीस कुठं?" मागून कुणीतरी विचारलं.

"खाली कठड्यापाशी आली होती," केंड्रेल म्हणाला. "गर्दीत फोनला दिसली नसेल. मला दिसली ना."

लोकांना पटलं. ल्यूशियसनं फोन खिशात घातला, पुन्हा हसणं-बोलणं सुरू झालं. केंड्रेल आईशेजारी बसला आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, "मिस डॉट, मला पण मासा द्या. तिला पुरे, तिचा खाऊन झालाय."