अकरा अखजींचा डोंगा

आमचे हे नाचणगावचे पेंटर. दुकानाच्या पाट्या, दारं, बैलबंड्या, जे दिसलं ते रंगवतात, अन् कोपऱ्यात आपलं नाव टाकल्याशिवाय ह्यायले घास गोड लागत नाई. "माहा रंग निघत नाई," हे दिवसातून चारदा. जेवता जेवता बी.

धरणावर मासोळ्या धरणाऱ्या सोसायटीचा एक फायबरचा डोंगा होता. ब्याण्णव सालापासून दर अखजीले, म्हणजे अक्षय तृतीयेले, तो ह्यायनंच रंगवायचा. अध्यक्ष अण्णाजी मुहूर्ताचे लय पक्के. सकाळी डोंगा पाण्याबाहेर काढा, पोत्यानं पुसा, दिवस बुडाच्या आत रंग मारा, दुसऱ्या सकाळी नारळ फोडून परत पाण्यात लोटा. अकरा वर्षं असंच चाललं.

दोन हजार तीनची होळी झाली अन् अण्णाजींनी तो डोंगा ट्रॅक्टरवर घालून आमच्या आंगणात आणून टाकला. बुडाले सारे फोड, देवी आल्यावानी. एक फोडून पाह्यला तर आंबट वासाचं चिकट पाणी निघालं.

"कंपनीनं फसवलं, प्रभाकरराव," अण्णाजी म्हणाले. "मी तक्रार लिहून राह्यलो. यंदाच्या अखजीले मात्र रंग झालाच पायजे."

ह्यायनं मान हलवली अन् ब्लो लॅम्प पेटवला. दाराचा जुना रंग जाळून काढायची सवय ना! दोन मिनिटांत रंगाखालचं फायबरच काळं पडलं, अन् असा वास सुटला का शेजारीण भिंतीवरून विचारते, मंदाबाई, भाजी करपली का. म्हणजे नाव माहं खराब.

मंग मी माह्या भाच्याले, धर्मेंद्रले बोलावलं. तो वर्धेले फायबरच्या टाक्या दुरुस्त करते. त्यानं डोंग्याले चारी बाजूंनी ठोकून पाह्यलं.

"मामाजी, हे काय सागवानी दार आहे? जाळू नका, खरडा. फायबरमध्ये पाणी हळूहळू मुरते. तुम्ही दरसाल ओल्या अंगावर रंग चोपडला, आतलं पाणी आतच कोंडलं. आता सारा रंग काढा, खालचं फुगलेलं कवचही काढा. रोज धुवा, अन् खडखडीत वाळू द्या. मंगच मी नवा थर देईन." मंग हळूच म्हणाला, "अण्णाजीले हे सांगाची काही गरज नाई. ते कंपनीले शिव्या देऊनच राह्यले."

त्या दिवशी ह्यायनं जेवतानाही रंगाचं नाव काढलं नाई. मले तेव्हाच भीती वाटली.

तोंडाले फडकं बांधून आम्ही दोघं खरडाले बसलो. निळा निघाला, त्याखाली हिरवा, त्याखाली पिवळा. अन् हरेक रंगावर कोपऱ्यात ह्यायचं नाव. लग्नाले सव्वीस वर्षं झाली, उखाणा सोडून ते नाव मी कधी तोंडातून काढलं नाई, अन् आता अकरा वेळा हातानं खरडून काढलं. सहाव्या नावाले ह्यायनं खरडाची पत्री खाली ठेवली अन् बिडी पेटवाले उठून गेले. बाकीची मी एकटीनंच खरडली. वाईट वाटलं मले, खोटं काऊन बोलू.

मंग वाळवण. एका बाजूले डोंगा, एका बाजूले माह्या कुरड्या. ऊन असं का अंडं फोडलं तर आमलेट व्हावं. अखजीच्या आदल्या दिवशी हे म्हणाले, "वाळला. मुहूर्त गाठाचा तर थराले वेळ नाई. उद्या मारू रंग."

"कुरडी बी वरून वाळलेलीच दिसते," मी म्हटलं. "डब्यात भरली का आठ दिवसांत बुरशी." अन् मी प्लास्टिकच्या पन्नीचा एक तुकडा डोंग्याच्या बुडाले चारी बाजूंनी चिकटवून टाकला.

सकाळी अण्णाजी उद्याचा नारळ आजच घेऊन हजर. रंगाचा मुहूर्त दहाचा. ह्यायनं पन्नी पाह्यली. आतून थेंबच थेंब, म्हणजे डोंगा अजून ओलाच. डबा उघडलेला, ब्रश हातात. हे माह्याकडे पाहून राह्यले, अन् मी कुरड्याकडे.

"अण्णाजी," हे म्हणाले, "आज रंग नाई होत. अन् तो तक्रारीचा कागद फाडून टाका. डोंगा मी खराब केला. अकरा वर्षं ओल्यावर रंग मारला मी."

अण्णाजी आंगणात रंगाले आलेल्या बंडीच्या चाकावर बसले. नारळ हातात फिरवला.

"मुहूर्ताची घाई तर माहीच असे ना," ते म्हणाले. नारळ माह्या हातात देला. "चटणी करजा, बाई. वाळला का निरोप धाडजा."

मृगाच्या चार दिवस आधी पन्नी कोरडी निघाली. धर्मेंद्रनं थर देला, तो कडक झाल्यावर ह्यायनं रंग मारला. निळाच. असा चकचकीत का कुंकू लावाले आरसा नको. अण्णाजी खुश. पण कोपरा रिकामाच ठेवून हे ब्रश धुवाले लागले.

"नाव?" अण्णाजींनी विचारलं.

"राहू द्या. आता कशाचं नाव."

चार माणसं उभी होती, ट्रॅक्टरवाला होता, शेजारीण भिंतीवर होतीच. मी डोक्यावरचा पदर नीट केला.

"प्रभाकरराव," मी म्हटलं, "नाव टाका."