बाईंचा मुक्काम दिवाणाखाली

माझ्या आतोबांइतका चौकस माणूस नारायणगुड्यात दुसरा नाही, आणि उरलेल्या हैदराबादेत असलाच तर दोघांची अजून गाठ पडलेली नाही, हे शहराचं नशीब. जन्म गौलीगुड्याच्या मराठी वस्तीतला, त्यामुळे मराठी, दखनी आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांत त्यांना प्रश्न विचारता येतात. दात काढताना तोंड उघडं असतं म्हणून ते हातवारे करून डॉक्टरांना हत्यारांची माहिती विचारतात. सख्ख्या भाचीच्या लग्नात ऐन मुहूर्ताला मामाच सापडेना. मामा मांडवामागे आचाऱ्याकडून, मिरचीच्या सालनात तीळ आधी भाजायचे की नंतर, हे समजून घेत होते. मी नोकरीसाठी पुण्याहून आत्याकडे राहायला आले, तेव्हा पहिल्याच चहाला त्यांनी माझ्या कामाबद्दल इतकं खोदून विचारलं, की मुलाखतीत मला त्याच्या निम्मंही बोलावं लागलं नव्हतं.

असे हे आतोबा माझ्याबरोबर एका रविवारी भटक्या जनावरांच्या शेल्टरमध्ये आले. आत्याच्या जुन्या चादरी देऊन परत यायचं होतं, पण ते एका पिंजऱ्यापुढे थांबले. आत एक करडी मांजर भिंतीकडे तोंड करून बसली होती. पोटावरचे केस तिने चाटून चाटून पार काढून टाकले होते.

"इसकू क्या हुआ?" आतोबांनी तिथल्या मुलीला विचारलं.

"घरवाले मकान बदले, इसकू छोड दिये," ती म्हणाली. "कुत्ते भौंकते तो डरती, खातीच नहीं. कोई थोडे दिन शांत घर में रख लिये तो बचती."

कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायचं, एवढंच. आतोबांनी त्यावर आणखी पुष्कळ प्रश्न विचारले, पण येताना रिक्षात टोपली त्यांच्याच मांडीवर होती.

घरी येताच मांजर जी दिवाणाखाली शिरली ती बाहेर येईना. शेल्टरच्या मुलीने बजावलं होतं, रोखून बघू नका, बोलावू नका, हात लावू नका. म्हणजे आतोबांनी आजवर ज्याच्या त्याच्याशी जे केलं, ते सगळं बंद. ते तिला 'बाई' म्हणू लागले. बाहेरून आले की दबक्या आवाजात पहिली चौकशी, "बाई जेवल्या का?" बाई जेवलेल्या नसत. वाटीतली मासळी तशीच वाळून जायची, आणि आतोबांचंही ताटावर लक्ष लागत नसे. हिच्या मनात काय चाललंय, हे विचारायची सोय नव्हती, आणि न विचारता कळायची त्यांना सवय नव्हती.

एका सकाळी पाहते तर दिवाणाखालून आतोबांचे पाय बाहेर आलेले. मांजर पलीकडच्या कोपऱ्यात, आणि हे तिच्याकडे पाठ करून कुशीवर पडलेले.

"तिला इथून काय दिसतं ते बघतोय," आतून आवाज आला.

"परत निघता येईल का तेही बघा," आत्या म्हणाली.

निघता येईना. आम्ही दोघींनी ओढून काढलं. केसांना जळमटं लागलेली, पण चेहरा उजळला होता. "खालून माणसं दिसतच नाहीत गं, नुसते पाय येतात. तुझी ती सपात तर अंगावरच येते. आणि कुकरची शिट्टी जमिनीतून छातीत घुसते." त्या दिवसापासून घरात चपला बंद झाल्या आणि भात पातेल्यात शिजू लागला. आत्या कुरकुरली, पण चालायला लागली ती चवड्यांवर.

मग आतोबा दिवाणाशेजारी चटईवर, तिच्याकडे पाठ करून, हळू आवाजात वर्तमानपत्र वाचत बसू लागले. एका दुपारी कांद्याचे भाव वाचताना त्यांच्या पाठीमागे वाटी किंचित सरकली. आतोबा वाचायचे थांबले नाहीत. तोच भाव पुन्हा पुन्हा वाचत राहिले. आत्या स्वयंपाकघराच्या दारात झारा हातात धरून तशीच उभी होती. बाई जेवत होत्या.

पोटावर मऊ लव आली, आणि बाई आतोबांच्या गुडघ्याला पाठ टेकून झोपू लागल्या, तेव्हा शेल्टरमधून निरोप आला. कुकटपल्लीच्या एका जोडप्याला मांजर हवी होती. आत्या म्हणाली, "आपणच ठेवून घेऊ या ना." आतोबांनी बाईंच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "मला तिच्या केसांमुळे दम्याचा त्रास व्हायला लागलाय, तुला सांगितलं नाही. शिवाय आपण दोघं आता किती वर्षं पुरणार तिला?"

पोचवायला मीही गेले. त्या घरात टोपली उघडली. बाई बाहेर आल्या, शेपटी उभी करून खोलीभर फिरल्या, खिडकीत चढल्या आणि तिथेच अंग चाटत बसल्या. आमच्याकडे त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही.

परतताना मी विचारलं, "आतोबा, वाईट वाटलं का?"

"पाहिलंस ना," ते म्हणाले, "पलंग होता तिथे. चांगला मोठा. पण खाली गेली नाही."

मग डोळे पुसून ते रस्त्याकडे बघत राहिले.