तिला हॉटेलच पाहिजे म्हणे...

मागच्या रविवारी अमरावतीजवळच्या मोझरीच्या आश्रमात जाऊन आले. मैत्रिणीबरोबर, गाडीने... छान दिवस जायला हवा होता.

आम्ही नेदरलँड्सला असतो, आइंडहोव्हनला. मी मूळची अकोल्याची, शिक्षण अमरावतीचं. हॉस्टेलची रूममेट प्राची लग्नानंतरही अमरावतीतच राहिली.

गेल्या मे महिन्यात ती आणि तिचा नवरा निखिल आमच्याकडे आले होते. घर लहान, म्हणून त्यांना आमची बेडरूम दिली आणि आम्ही दोघं हॉलमध्ये सोफ्यावर. ट्युलिप बघितले, ब्रुजला गेलो, एका वीकेंडला कोलोनला. रोज सकाळी डबा भरून निघायचं, संध्याकाळी येऊन वरण-भात लावायचा... दमले, पण खूप मजा आली.

जाताना एअरपोर्टवर प्राची गळ्यात पडून रडली. "अमरावतीला आलीस की माझ्याच घरी राहायचं. हॉटेलचं नावसुद्धा काढायचं नाही."

या डिसेंबरमध्ये मी एकटीच अकोल्याला बाबांकडे आले. अमरावतीला दोन दिवस राहीन असं प्राचीला आधीच कळवलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला... आवाज एकदम हळू.

"अगं, तुला वाईट वाटेल, पण सांगायलाच हवं. आमच्या सासूबाई जुन्या वळणाच्या आहेत. आडनावावरून त्यांना लगेच कळतं... मग भांडी वेगळी, हे वेगळं. तुझा अपमान व्हायला नको म्हणून मी हॉटेल बुक केलंय."

आम्ही बौद्ध. हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं असंही नाही. भाड्याचं घर बघायला गेलो की आडनाव ऐकून मालकाला अचानक ते घर पुतण्याच्या लग्नासाठी हवं असल्याचं आठवतं, हे लहानपणापासून पाहिलंय. पण प्राचीच्या तोंडून...

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "जाऊ नकोस." तरी मी गेले. वाटलं, बिचारी सासू आणि मैत्रिणीच्या मध्ये अडकली असेल. खरंच तिची दया आली मला.

रविवारी मोझरीला जायचं ठरलं होतं. सकाळी प्राचीची गाडी हॉटेलखाली आली. बघते तर पुढच्या सीटवर सासूबाई! मोझरीचं नाव ऐकून त्या ऐनवेळी निघाल्या होत्या. प्राचीचा चेहरा उतरलेला. "आई, ही माझी कॉलेजची मैत्रीण," एवढंच बोलली आणि गाडी काढली. मी मागे अंग चोरून बसले. पाण्याची बाटली पुढे करतानासुद्धा हात अडखळला.

आश्रमात दर्शन झालं. प्राची चहा आणायला गेली आणि आम्ही दोघी झाडाखालच्या बाकावर. मी मुद्दाम थोडं अंतर ठेवून बसले, तर त्याच सरकून जवळ आल्या.

"अकोल्याची ना तू? नाव काय तुह्यं?"

मी पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट, स्पष्ट. होऊन जाऊ दे एकदाचं.

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "निखिलनं फोटो दाखवले ना तुमच्या घरचे. तुमी त्याईले आपली खोली देल्ली अन् सोता बाहेर झोपले. मंग आता घरी काहून नाही आली? मी परवापासून वाट पाहून राहिली."

"काकू, मी तं घरीच येनार होती..."

"प्राची तं म्हने, तिले हॉटेलच पायजे. फॉरेनची सवय हाय, आपल्या घरचं बाथरूम नाही चालत तिले."



तेवढ्यात प्राची चहाचे कप घेऊन आली. मी विचारलं, "मला तुमचं बाथरूम चालत नाही, असं कधी म्हटलं मी? आणि काकूंना मी चालत नाही, हे कोण म्हणालं?"

तिने कप बाकावर ठेवले. "तसं नाही गं... आमच्या बिल्डिंगमधल्या बायका फार चौकशा करतात. त्यात माझ्याकडे भिशी होती काल... उगाच कशाला..."

सासूबाई तिच्याकडे वळल्या. "मंग माह्यं नाव काहून घेतलं तू?"

प्राचीने एक कप उचलून माझ्यापुढे केला. मी चहा घेतलाच नाही.

अमरावती आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता घरी चाल. जेवून जाय." त्या मनापासून बोलावत होत्या. पण वाढायला प्राचीच असणार होती... मला नाही जमलं. हॉटेलवरून बॅग घेतली आणि बस स्टँडवर सोडायला सांगितलं. काकू गाडीतून उतरल्या, माझ्या गालावरून हात फिरवला. प्राची स्टेअरिंग धरून समोर बघत बसली.

घरी पोहोचले तेव्हा बाबा म्हणाले, "लवकर आलीस?" म्हटलं, तिला काम निघालं. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. मला ते जास्त लागलं.

काल प्राचीचा मेसेज आला. 'मनाला लावून घेऊ नकोस. मे मध्ये परत येतोय ना, तेव्हा निवांत बोलू.' खाली दोन हार्ट. मी लिहिलं, 'येऊ नकोस.' एवढंच.

काकूंच्या त्या हाताबद्दल मी ऋणी आहे, ते खरंच. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही... बाबांना त्यांच्या तरुणपणी लोक हे तोंडावर सुनावायचे. मला ते हळू आवाजात, माझीच काळजी असल्यासारखं सांगण्यात आलं. आणि मी फोन ठेवताना तिला थँक यू म्हटलं होतं.